बावीस दिवस शिल्लक

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, नागरिकत्व कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, सहा नंबरच्या खोलीत माझ्यावर अन्याय झाला. वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घेतली. दोन्ही जुळत होती. आधी तारीख आणि वेळ, मग तक्रार, हे कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला शिकवलं. पुढे सरकारी रुग्णालयाच्या रजा विभागात तेहेतीस वर्षं तेच मी इतरांना शिकवलं.

मुलाखत तशी उत्तम झाली. अधिकारी कोवळा, तिशीतला, आणि सर्दीने बेजार. प्रत्येक प्रश्नाआधी नाक पुसायचा. देशाचे प्रांत किती, कायदे कोण करतं, राष्ट्रप्रमुख आजारी पडला तर त्याच्या जागी कोण. वीसपैकी वीस. मग त्याने माझ्या प्रवासांचा तक्ता पुढे ओढला.

"पाच वर्षांत नऊ वेळा बाहेर गेलात," तो म्हणाला. "इतके नीट कागद आणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

"एकूण दोनशे शहाण्णव दिवस," मी म्हटलं. "मर्यादा तीनशेची आहे."

त्याने समोरच्या यंत्रावर बोटं चालवली. "दोनशे अठ्ठ्याहत्तर."

"चूक. परत मोजा."

"बरोबर आहे, बाई. निघायचा दिवस आणि परत यायचा दिवस आम्ही बाहेरचा धरत नाही. त्या दिवशी थोडा वेळ का होईना, तुम्ही इथे असताच. नऊ खेपा, म्हणजे अठरा दिवस कमी." आणि मला बरं वाटावं म्हणून असेल, पण तो हसला. "घाबरू नका, हे तुमच्या फायद्याचंच आहे. बावीस दिवस शिल्लक होते तुमचे. आरामात अजून एकदा जाऊन आला असतात."

ही ती दहा चाळीसची वेळ.

या वेळी मी 'परत मोजा' म्हटलं नाही. माझ्या बाबतीत ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. त्याने शिक्का मारला, अभिनंदन म्हणाला, हात पुढे केला. त्याच हाताने तो नाक पुसत होता, म्हणून मी नुसते हात जोडले.

बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगेत लेक बसली होती. "झालं?"

"झालं."

"मंजूर?"

"मंजूर."

"मग रडतेस कशाला?"

"त्या माणसाला सर्दी आहे. मला लागली."

"पाच मिनिटांत?"

"माझ्या अंगात आहे ती लागण्याची ताकद," मी म्हटलं, आणि जिन्याकडे चालू लागले.

गुरुवार, ११ सप्टेंबर

घर रिकामं आहे. लेक-जावई कामावर, नात शाळेत. (नातीला आम्ही मिरी म्हणतो. लहान आहे आणि तिखट आहे. कुणावर गेली असं लेक विचारते आणि माझ्याकडे बघते.) स्वयंपाकघरातल्या टेबलावर तक्रारीचा मसुदा करायला बसले. तक्रार म्हटली की पार्श्वभूमी आली, ती आधी इथे मांडून बघते.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मी लेकीकडे इथे आले. लाटणं धरायला किंवा मूल सांभाळायला नव्हे, एकटीने राहू नये असं लेकीला वाटलं म्हणून. इथे पाऊल टाकताच मला एक कार्ड मिळालं. त्यावर माझा फोटो, जन्मतारीख आणि खाली एक शब्द छापलेला: अवलंबित. तेहेतीस वर्षं सहाशे माणसांच्या रजा माझ्या सहीने मंजूर झाल्या किंवा झाल्या नाहीत, आणि मी अवलंबित! बँकेत ते कार्ड दाखवा, वाचनालयात दाखवा, दवाखान्यात दाखवा. समोरची मुलगी वाचते आणि मग माझ्याशी न बोलता लेकीशी बोलते. पाच वर्षं राहिलं की नागरिक होता येतं असं कळलं तेव्हा मी ठरवलं, पाच वर्षं आणि एक दिवस. त्याहून जास्त एक दिवस हे कार्ड खिशात ठेवणार नाही.

अट एकच होती. त्या पाच वर्षांत तीनशे दिवसांहून जास्त बाहेर राहायचं नाही. मी काय लोकांचे दिवस कमी मोजले आहेत? भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी बाहेरचा प्रत्येक दिवस लाल पेन्सिलीने भरत गेले. जुनं घर विकायला गेले, निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी गेले, भाच्याच्या लग्नाला गेले, धाकटीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले. निघायचा दिवस लाल, यायचा दिवस लाल. रजेच्या नियमात मुख्यालय सोडलं की तुम्ही गैरहजर, मग सकाळी सोडा नाहीतर संध्याकाळी. याहून सरळ गोष्ट जगात नाही.

फेब्रुवारीत दोनशे शहाण्णव झाले. पाच वर्षं एकतीस मार्चला भरणार होती. आणि फेब्रुवारीतच धाकटीच्या पोटात गाठ निघाली.

धाकटी म्हणजे माझी बहीण. एकच आहे. होती.

डॉक्टर म्हणाले, महिना, दीड महिना, दोनसुद्धा. तिने फोन केला, दहा दिवस ये म्हणाली. मी तिला हिशेब समजावून सांगितला. एक एप्रिलला अर्ज टाकते, अर्ज एकदा आत गेला की दिवस मोजायचे थांबतात, दोन एप्रिलला विमानात बसते. तिकीट काढलं होतं, खिडकीची जागा.

सहा मार्चला ती गेली.

हे सगळं अर्जात लिहायचं नाही. अर्जात एवढंच, की दिवस कसे मोजतात हे आपल्या माहितीपत्रकात कुठेही छापलेलं नाही. आठ पानी माहितीपत्रक आहे. त्यात कार्यालयाबाहेर सायकल कुठे लावावी यावर दोन परिच्छेद आहेत आणि दिवस कसे मोजावेत यावर एक ओळ नाही. अशा निष्काळजीपणाबद्दल लेखी दिलगिरी आणि माहितीपत्रकात दुरुस्ती, अशा माझ्या दोन मागण्या. मुदत पंधरा दिवस. दुपारच्या टपालाने पाठवलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

लेकीला पत्राची नक्कल दाखवली ही चूक झाली.

तिने उभ्या उभ्या वाचली, ओल्या हातांनी. कोपऱ्यावर पाणी पडलं. म्हणाली, "आई, हे पाठवलंस?"

"परवा."

"तुझा अर्ज मंजूर झालाय. आता त्यांच्याशी कशाला भांडतेस?"

"मंजूर झाला म्हणून मी मुकी झाले का?"

ती खुर्ची ओढून बसली. ती बसली की मला धास्ती वाटते. उभी असली की ती माझी मुलगी असते, बसली की तिच्या कार्यालयातली साहेबीण होते. "तेव्हा मी तुला दोन गोष्टी म्हटल्या होत्या," ती म्हणाली. "एक, अर्ज सहा महिने पुढे ढकल, म्हणजे जुन्या खेपा पाच वर्षांतून बाहेर पडतील. दोन, कार्यालयात एक फोन करून विचारू. आठवतं?"

"आठवतं. पण तुझ्या म्हणण्यात जोर नव्हता."

"तुझ्यासमोर कुणाच्या म्हणण्यात जोर असतो?"

जावई दारात होते. ते म्हणाले, "जाऊ दे ना, आई दमल्यात." मी त्यांना सांगितलं, "अहो, मी दमलेली नाही, मी संतापलेली आहे. दमलेलं माणूस असं दिसत नाही." त्यांनी मान हलवली आणि कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले. कचरा सकाळीच नेला होता.

फोन का केला नाही? माझ्या खात्याला नियम विचारायला लोक यायचे. मी कुणाला नियम विचारायला कधी गेले नाही. हे मी लेकीला सांगितलं नाही, इथे लिहिते.

बुधवार, १७ सप्टेंबर

कोटाची बाही उसवली होती म्हणून शिंप्याकडे गेले. हा शिंपी आमच्या तयारीच्या वर्गातला. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शुक्रवारी आम्ही पंधरा-सोळा जण नागरिक व्हायला शिकायचो. तो माझ्या बाकावर बसायचा. माझ्या देशाचा नाही, इथलाही नाही, तिसऱ्याच कुठला. कपडे धुण्याच्या दुकानाला लागून त्याची एवढीशी जागा आहे. एक यंत्र, एक इस्त्री, आणि दोरीवर लोकांच्या पँटी उलट्या टांगलेल्या.

मला बघून खूश झाला. तोंडात टाचण्या धरून बोलतो. "बाई, झालात ना नागरिक? मला माहीत होतं. वर्गात तुम्हीच आमच्या मास्तर."

"तुमचं काय?"

"माझं पुढच्या वर्षी." त्याने टाचण्या काढून गादीत खोचल्या. "म्हातारी आजारी पडली. चाळीस दिवस तिच्यापाशी राहिलो. हिशेब ओलांडला. म्हटलं, देश काय, इथेच आहे, कुठे पळतोय?"

"आता कशी आहे?"

"गेली. माझ्या हातून पाणी पिऊन गेली." हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की मी बाहीकडेच बघत राहिले. मग म्हणाला, "पण तुम्ही तेव्हा जाऊन आलात ना बहिणीकडे? मी म्हटलं होतं ना, जायचा-यायचा दिवस ते धरत नाहीत. माझ्या मेव्हण्याचं तसंच झालं होतं."

मी त्याला सांगितलं की असं तो मला कधीही म्हणाला नव्हता.

"म्हटलं होतं, बाई."

"तुम्ही दुसऱ्या कुणाला म्हणाला असाल."

"असेल," तो म्हणाला, आणि बाही उलटी करून दोरा ओवू लागला. वाद घातला असता तर बरं झालं असतं. बाही इतकी छान शिवली आहे की टाका दिसत नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

जुनी वही पलंगाखालच्या बॅगेतून काढली. शिंप्याला खोटं ठरवायला काढली, हे प्रामाणिकपणे लिहिते. पान जसंच्या तसं उतरवते आहे.

"शुक्रवार, २१ फेब्रुवारी. वर्गात शिंपी फार बोलतो. आज चहाच्या सुट्टीत म्हणे, बाई, तुम्ही दिवस जास्त धरताय, विमानात बसायचा दिवस ते मोजत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही काजं-बटणं बघा, नियम माझ्याकडे ठेवा. सगळे हसले. तोही हसला. शिकवणाऱ्या बाईंचं फळ्यावरचं अक्षर दिवसेंदिवस वाईट होत चाललं आहे. घरी येताना भाजी आणली."

अक्षर माझंच आहे. कॉन्व्हेंटचं, उजवीकडे झुकलेलं, एक खाडाखोड नाही.

सगळे हसले असं मी लिहून ठेवलं होतं, म्हणजे त्या दिवशी मला ते आवडलं असणार.

पुढची पानं वाचली नाहीत. वही परत ठेवली. मग मिरीचा गृहपाठ घेतला. सातचा पाढा तिला अजून येत नाही. मी ओरडले. ती म्हणाली, "आजी, तू सातवर चिडली आहेस की माझ्यावर?" मी म्हटलं, "दोघांवर."

शुक्रवार, २६ सप्टेंबर

कार्यालयाचं उत्तर आलं, तारीख २४. पंधरा दिवसांच्या आत. एवढं श्रेय द्यावंच लागेल. माझ्या खात्यात पंधरा दिवसांत पत्राला आवक क्रमांकसुद्धा पडत नसे.

लिहितात की, दिवस मोजण्याची पद्धत खिडकीवर किंवा फोनवर विचारल्यास सांगितली जाते. आपली सूचना संबंधितांकडे पाठवली आहे. आपला अर्ज मंजूर झाला असून शपथविधी शुक्रवार, १७ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजता आहे. येताना जुना पासपोर्ट जमा करण्यासाठी आणावा. अर्जात दिलेली सर्व माहिती खरी व पूर्ण आहे, असं त्या दिवशी लिहून द्यावं लागेल. अभिनंदन.

दिलगिरी नाही. पण 'विचारल्यास'! हा एक शब्द त्यांनी बरोबर माझ्या वर्मी मारला आहे, आणि त्यांना ते ठाऊकही नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. जमा केला की संपलं. यापुढे धाकटीच्या घरी जायचं तर मला परवाना काढावा लागेल, किती दिवस राहणार ते लिहावं लागेल, आणि कारणाच्या रकान्यात काहीतरी भरावं लागेल. भेट कुणाची?

दोन एप्रिलचं तिकीट मी वापरलं नाही. लेक म्हणाली होती, आता तरी जाऊन ये, घर बघ, भाच्याला भेट. मी म्हटलं, आता कशाला. तेव्हा माझ्यापाशी हवे तेवढे दिवस होते.

बसमधून येताना रुग्णालयातली एक आया आठवली. बाप अत्यवस्थ म्हणून तीन दिवसांची रजा मागायला आली होती. खात्यावर एकही दिवस नव्हता. मी नाही म्हटलं. ती गेलीच. परत आली तेव्हा मी हजेरीपटावर तीन दिवस लाल शाईने 'विनापरवाना गैरहजर' लिहिलं आणि तिला समोर बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "लिहा बाई. लाल लिहा, हिरवं लिहा. मी जाऊन आले." केवढा उद्धटपणा, असं मी तेव्हा विभागात सगळ्यांना सांगितलं होतं. आजही मी तेच म्हणेन. नियम मी केला नव्हता.

ती बाई दिसायला कशी होती, ते मात्र आठवत नाही. हात आठवतात.

शनिवार, ४ ऑक्टोबर

सकाळी भाच्याचा फोन. दर शनिवारी करतो. आईच्या जागी मावशीला फोन करायची सवय त्याने स्वतःला लावून घेतली आहे. मी त्याला सगळं सांगितलं. बावीस दिवस, अधिकारी, त्याची सर्दी, माहितीपत्रक, सायकली. शिंप्याचंही सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. चिडावं अशी माझी इच्छा होती, कार्यालयावर किंवा कुणावरही.

तो म्हणाला, "मावशी, सोड आता. आईने काही मनात धरलं नव्हतं. ती तर शेवटपर्यंत हसून सांगायची सगळ्यांना."

"काय सांगायची?"

"तेच गं, राखीव दिवसांचं. नर्सला पण सांगायची. माझ्या ताईने माझ्यासाठी चार दिवस राखून ठेवलेत म्हणायची."

"तिच्यासाठी असं मी म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे गं," तो म्हणाला. "पण ती तसंच सांगायची."

मग त्याने विचारलं, तिकडे थंडी सुरू झाली का. मी म्हटलं, झाली.

रविवार, ५ ऑक्टोबर

जुन्या वहीतलं उरलेलं पान. उतरवते. सिस्टर म्हणायच्या, अर्धी कबुली देऊ नका, त्यापेक्षा घरी जा.

"गुरुवार, २७ फेब्रुवारी. धाकटीचा फोन. आवाज बारीक झाला आहे, चेष्टा तेवढीच. म्हणाली, 'ताई, दहा दिवस नाहीत तर नाहीत. चार उरलेत म्हणालीस ना? एक यायचा, एक जायचा, मधले दोन माझे. मी झोपूनच असते, तुला फार ऐकावं लागणार नाही.' मी म्हटलं, 'ते चार राखीव आहेत. ऐन वेळी काही अडचण आली तर असावेत म्हणून.' ती म्हणाली, 'मग मी काय आहे गं, सोय?' आणि हसत सुटली. हसता हसता ढास लागली, भाच्याने फोन घेतला. एक एप्रिलपर्यंत तिने धीर धरायला हरकत नाही. लहानपणापासून तिला प्रत्येक गोष्ट आत्ताच्या आत्ता हवी असते. दुपारी वाचनालयात जाऊन प्रांतांची यादी पाठ केली."

चार होते. माझ्या मोजणीनेसुद्धा चार होते.

सगळा महिना मी अठरा दिवसांवरून भांडते आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

लेक शपथेच्या दिवशी नेसायची साडी विचारते आहे. जावयांनी रजा टाकली आहे. मिरीने शाळेत सांगून ठेवलं आहे की तिची आजी पुढच्या शुक्रवारी देश बदलणार. "दात पडल्यासारखं असतं का गं आजी?" असं विचारत होती.

लेकीला म्हटलं, मी १७ तारखेला लिहून कसं देऊ, की सगळी माहिती खरी आणि पूर्ण आहे?

"नाहीये का?"

"तपासायला हवी."

"आई, तुझी माहिती तपासायची वेळ आजवर कुणावर आली आहे?" ती बसली. पण या वेळी साहेबीण झाली नाही. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुला मावशीची आठवण येते, तर तसं म्हण ना. पत्रं कशाला लिहितेस?"

मी म्हटलं, आठवण ही तक्रार नव्हे, ती कुठल्या खिडकीवर द्यायची? तिने बराच वेळ हात सोडला नाही, शेवटी मीच सोडवून घेतला. दूध उतू जात होतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज कुणाला न दाखवता पत्र टाकलं. गेलं इथल्या भाषेत, नक्कल आपल्या भाषेत ठेवते.

"महोदय,

आपलं २४ सप्टेंबरचं पत्र मिळालं. माझी ११ सप्टेंबरची तक्रार मी मागे घेते. माहितीपत्रकात नियम नव्हता, पण मला तो सांगितला गेला होता. सांगणारे गृहस्थ शिंपी आहेत. त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मी त्यांना चारचौघांत हसले. त्यांचा अर्ज आपल्याकडे पुढच्या वर्षी येईल. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, तरी नोंद व्हावी.

आता माझी विनंती वेगळी आहे.

१७ ऑक्टोबरला माझी सर्व माहिती खरी आणि पूर्ण असल्याचं मला लिहून द्यायचं आहे. त्याआधी ती आपण तपासून द्यावी. पाच वर्षांत नऊ वेळा मी देशाबाहेर गेले, असं मी अर्जात लिहिलं आहे. माझं वय एकाहत्तर आहे. या वयात माणूस विसरतं. एखादी खेप माझ्याकडून राहून गेली असेल. लहानशीच. आपल्याकडे विमानतळावरच्या नोंदी असतात, त्या पुन्हा काढून बघाव्यात.

आपण माझ्या नावावरून कमी केलेले अठरा दिवस परत धरावेत, म्हणजे दोनशे शहाण्णव होतील. ते मी मान्य करते. त्यावर आणखी चार हवे आहेत. सहाशे माणसांच्या रजांचा मला अनुभव आहे. इतक्या मोठ्या कालावधीत चार दिवस मोजायचे राहून जाणं अशक्य नसतं. नीट शोधल्यास ते सापडतील. चारहून जास्त सापडले आणि त्यामुळे माझा अर्ज नामंजूर झाला, तरी माझी हरकत राहणार नाही. कार्ड माझ्याजवळच आहे.

दिलगिरी नको. खुलासा नको. २७ फेब्रुवारी रोजी माझ्याकडे एकही दिवस शिल्लक नव्हता, एवढं एक वाक्य लेखी कळवावं.

उत्तर फोनवर देऊ नये, लेकीजवळ तोंडी देऊ नये. सही आणि शिक्क्यासह, गुरुवार, १६ ऑक्टोबर, दुपारी चारच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे. त्यानंतर आलेल्या उत्तराचा मला काही उपयोग नाही."